अडलेल्यानं लिहावं

ओपन सोर्स सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळतं, त्याचा कोडही कुणालाही वाचता येतो. पण ते चालवायचं कसं, हे कुणीतरी बसून लिहून ठेवलेलं असावं लागतं. हे लिहिणं, म्हणजे डॉक्युमेंटेशन, कोडच्या मागून होतं, बहुतेकदा उशिरा होतं आणि कित्येकदा होतच नाही. असे प्रकल्प जिथं ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळानं २०१७ मध्ये सुमारे साडेपाच हजार जणांची पाहणी केली. त्यातल्या ९३ टक्के लोकांनी सांगितलं की अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही जिकडेतिकडे आढळणारी अडचण आहे. त्याच पाहणीत, प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के जण म्हणाले की डॉक्युमेंटेशनच्या कामाला आपण क्वचितच हात लावतो किंवा कधीच लावत नाही. अडचण सगळ्यांना दिसते आणि काम थोड्यांच्या गळ्यात पडतं. त्या थोड्यांत चार माणसांची भर पडावी म्हणून ही पुस्तिका केली आहे. ती वणीत तयार झाली, आणि माझ्या मते हे काम वणीसारख्या गावातून व्हायलाच हवं होतं.

वणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सप्तशृंगी आठवते. गड कळवण तालुक्यात, गाव दिंडोरी तालुक्यात, तरी लोक देवीला वणीचीच देवी म्हणतात. शिवाय यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक वणी आहे, तिचा हिशेब वेगळाच. इथं राहणाऱ्याला मात्र वणी म्हणजे आधी बाजारपेठ. उपबाजारात कांद्याची वाहनं लागतात, टोमॅटोचे क्रेट चढतात-उतरतात, सुरगाणा-सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता इथूनच पुढे जातो आणि पाड्यांवरची माणसं खरेदीला इथंच येतात. पेढ्यांवर, खत-औषधांच्या दुकानांत, आसपासच्या द्राक्षांच्या पॅकहाउसांत आता संगणक आहेत. त्यांच्यासमोर बसणारी मुलं-मुली दिंडोरी, कळवण, नाशिकच्या कॉलेजांतून शिकून आलेली असतात. त्यांतल्या सगळ्यांना प्रोग्रॅमिंग येतं असं नाही. पण माल कसा उतरतो, कसा मोजला जातो, हिशेब होऊन शेतकऱ्याच्या हाती पट्टी कशी पडते, हे त्यांना जसं ठाऊक आहे तसं ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कोणाही इंजिनिअरला ठाऊक नाही.

ही जाण डॉक्युमेंटेशनच्या पानावर कशी उतरते, ते एका उदाहरणातून जरा जवळून पाहू.

ईआरपीनेक्स्ट हे आपल्या मुंबईत जन्मलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायाचा कारभार सांभाळण्याच्या गरजेतून त्याची सुरुवात केली आणि २००८ च्या सुमारास ते आकाराला आलं. खरेदी, विक्री, साठा, हिशेब अशी व्यवसायाची अनेक अंगं त्यात सांभाळता येतात, आणि आज ते अनेक देशांत वापरलं जातं. त्यात एखादी वस्तू प्रथम नोंदवताना एक चौकट दिसते: ‘हॅज बॅच नंबर’. या वस्तूचा साठा लॉटनिहाय वेगळा ठेवायचा का, एवढंच ती विचारते. घाईत असलेला माणूस ती रिकामी सोडून पुढे जातो.

द्राक्षांच्या धंद्यात लॉट वेगळा ठेवणं हा हौसेचा मामला नाही. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या शेतमाल-निर्यातीच्या केंद्रीय संस्थेची ग्रेपनेट ही व्यवस्था २००६ पासून आहे. बागेची नोंदणी करायची आणि परदेशातल्या पेटीवरून थेट त्या बागेपर्यंत माग काढता आला पाहिजे, हा तिचा गाभा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षं अडली, तेव्हा माग काढता येण्याचं मोल नाशिकच्या बागायतदारांना फार महागात कळलं. आता कल्पना करा, पॅकहाउसमधल्या मुलीनं द्राक्ष ही वस्तू नोंदवली, ती चौकट रिकामी राहिली आणि पहिली आवकही चढवून झाली. दुसऱ्या दिवशी ती चौकटीवर खूण करायला जाते आणि सॉफ्टवेअर नकार देतं. या वस्तूचे व्यवहार झालेले आहेत, आता हे बदलता येणार नाही, असा संदेश येतो. सॉफ्टवेअरचं म्हणणं रास्त आहे, कारण आधीच्या मालाला लॉट नंबरच नाहीत. अधेमधे नियम बदलला तर साठ्याचा हिशेब कधीच जुळणार नाही. पण हे तिला आधी कुठं वाचायला मिळालं होतं?

समजा, मदतीच्या पानावर असं वाक्य आहे: ‘बॅचनिहाय साठा ठेवायचा असल्यास हॅज बॅच नंबर हा पर्याय निवडा.’ वाक्यात चूक काही नाही. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला ते पुरतं. आता अडलेल्या मुलीनं तेच पान दुरुस्त केलं तर ती लिहील: ‘मालाची पहिली आवक नोंदवण्याआधी ठरवा, हा माल लॉटनिहाय वेगळा ठेवायचा आहे का? असेल तर हॅज बॅच नंबरवर आत्ताच खूण करा. एकदा आवक किंवा जावक नोंदली की हा पर्याय बदलता येत नाही. मग नवी वस्तू तयार करून शिल्लक माल तिच्या नावावर घ्यावा लागतो.’ तीन-चार वाक्यं वाढली. पण दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या, कॉफीच्या नाहीतर औषधांच्या गोदामात बसलेल्या माणसाचा एक अख्खा दिवस वाचला. कोडची एक ओळही न बदलता सॉफ्टवेअर आधीपेक्षा चांगलं झालं.

मला या प्रस्तावनेत मुख्यतः हेच सांगायचं आहे: डॉक्युमेंटेशन लिहायला सगळ्यात लायक माणूस तो, जो नुकताच अडला आणि नुकताच सुटला. ज्यानं कोड लिहिला त्याला आपलं सॉफ्टवेअर इतकं अंगवळणी पडलेलं असतं की वाट कुठे निसरडी आहे हे त्याला दिसतच नाही. आणि जो अडला होता, त्यालाही महिन्याभरानं ते दिसेनासं होतं. हात सरावतो, खूण आपोआप होते, आणि पहिल्या दिवशी काय समजलं नव्हतं ते आठवेनासं होतं. म्हणून या लेखनाला मुदत असते. ‘अजून मला नीट येत नाही, आल्यावर लिहीन’ असं म्हणणारी हुशार मुलं मी बरीच पाहिली आहेत. नीट येऊ लागलं की त्यांच्या हातून हे पान जाणार, म्हणून त्यांनी आजच लिहायला बसावं, असं मी त्यांना आग्रहानं सांगतो.

नवख्या नजरेचं हे मोल ओळखून तिला कामाच्या रीतीतच जागा देणारा एक प्रकल्प महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं ‘स्पोकन ट्युटोरियल’ सुरू झाला. ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे दहाएक मिनिटांचे पाठ तिथं तयार होतात. पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर, आणि शिकणाऱ्यानं बघता बघता स्वतः करायचं. पाठाची संहिता आधी लिहिली जाते. विषयाचा जाणकार ती तपासतो, आणि ध्वनिमुद्रण होण्यापूर्वी ती विषय न येणाऱ्या माणसाच्या हाती दिली जाते. त्यानं नुसती संहिता वाचून काम करून बघायचं. तो जिथं थांबेल, तिथं दोष संहितेचा धरायचा. पुढे हेच पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब होतात. आयआयटीच्याच ‘फॉसी’ प्रकल्पात देशभरच्या विद्यार्थ्यांनी इंजिनिअरिंगच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या आकडेमोडीच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढली आणि त्यांना त्याचं मानधनही मिळालं. डॉक्युमेंटेशन म्हणजे ज्यांना कोड जमत नाही त्यांना दिलेलं दुय्यम काम, असं अजूनही ज्यांना वाटतं त्यांनी ही दोन्ही कामं एकदा नीट पाहावीत.

जुना इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी युनिक्स घडवली आणि ती कशी वापरायची हेही त्यांनीच लिहिलं. प्रत्येक आज्ञेचं पान वेगळं आणि पानावरचे मथळे ठरलेले: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, आणि त्यांच्याबरोबर ‘बग्ज’. या मथळ्याखाली त्या आज्ञेतले ठाऊक असलेले दोष सरळ मांडलेले असत. कुणाकडे विचारायचं हे कळावं म्हणून जबाबदार व्यक्तीचं नावही पानावर असे. आपल्या मालातला दोष आपणच वाचणाऱ्याला सांगायचा, हा प्रामाणिकपणा आजच्या अनेक चकचकीत मदत-पानांत शोधून सापडत नाही. चांगलं पान काय असतं हे कुणी विचारलं तर मी अजूनही त्या मॅन्युअलकडे बोट दाखवतो.

आणि आपल्याकडे? द्राक्षाच्या मुलखात तर ही रीत जुनीच आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारातले बागायतदार आपापल्या बागेत केलेलं निरीक्षण लिहून एकमेकांना पत्रांनी कळवत. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचं ‘द्राक्षवृत्त’ तेच काम छापील पानांवर करत आलं आहे. छाटणी कधी घेतली, काडी किती जाड होती, फवारणी कशाची केली, मणी कसे फुगले, हे तारीखवार टिपून दुसऱ्याला सांगायचं. ‘माझी बाग यंदा गेली’ एवढ्यानं दुसऱ्याला काही कळत नाही, तपशील लागतो. सॉफ्टवेअरच्या पानातली चूक कळवतानाही नेमकं हेच लागतं. कोणती आवृत्ती, कोणतं पान, कितवी पायरी, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. एवढं लिहिता येणाऱ्या माणसाला या कामाचं वेगळं शिक्षण फारसं द्यावं लागत नाही.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात पायरीपायरीनं आहे, म्हणून इथं थोडक्यात सांगतो. बहुतेक प्रकल्पांचं डॉक्युमेंटेशन साध्या मजकुराच्या फायलींत, बहुधा मार्कडाउनमध्ये लिहिलेलं असतं आणि त्या फायलींवरून संकेतस्थळाची पानं आपोआप तयार होतात. पानाच्या वर किंवा खाली ‘एडिट धिस पेज’ अशी कळ असते. ती दाबली की गिटहबवर तीच फाइल उघडते, आपल्या खात्यात प्रकल्पाची प्रत म्हणजे फोर्क तयार होतो, आपण मजकूर बदलतो, काय बदललं आणि का, हे दोन ओळींत लिहितो आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवतो. हे सगळं ब्राउझरमध्ये होतं. संगणकावर काहीही बसवावं लागत नाही, आणि छोटी दुरुस्ती असेल तर मोबाइलवरूनही भागतं. मग यंत्र तुटलेले दुवे वगैरे तपासतं आणि त्यानंतर प्रकल्पाचा एखादा सांभाळकर्ता ते वाचतो. काही प्रकल्पांनी यासाठी स्वतःची विकी ठेवलेली असते, तिथं कळा वेगळ्या असतात, पण रीत तीच: सुचवायचं, कुणीतरी तपासायचं, मग पान बदलायचं.

तपासणीच्या या टप्प्यावर आपली मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. पलीकडून ‘हे वाक्य वेगळ्या ठिकाणी हवं’, ‘इथं उदाहरण द्या’ असं येतं आणि त्यांना वाटतं आपलं काही चुकलं. तसं काही नसतं. माणूस वाचतो आहे, त्याला मजकूर हवा आहे, म्हणून तर तो सूचना करतो. उत्तर यायला कधी आठवडे लागतात, कारण तो सांभाळकर्ताही बहुधा नोकरी सांभाळून हे करत असतो. आठवण करून द्यायला हरकत नाही, सभ्यपणे. आणि इंग्रजीची भीती तर सोडूनच द्यावी. गूगलनं डेव्हलपर डॉक्युमेंटेशनसाठीची आपली लेखनशैली २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली केली. वाचणाऱ्याला थेट ‘तुम्ही’ म्हणा, वर्तमानकाळात लिहा, वाक्यं छोटी ठेवा, जगभरच्या वाचकाला कळेल असं लिहा, असंच ती सांगते. ज्याचं इंग्रजी शाळेत शिकलेलं आणि साधं आहे, त्याला असं लिहिणं उलट सोपं जातं. अलंकारिक इंग्रजी लिहिणाऱ्यांनाच ते जड जातं.

एक कडू प्रसंगही सांगायला हवा, कारण त्यात आपल्या देशातले विद्यार्थी मोठ्या संख्येनं होते. दर ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम असतो. २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. झालं असं की हजारो प्रकल्पांत, ओळखीच्या रीडमी फाइलमध्ये ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे निरर्थक शब्द घुसडलेल्या पुल रिक्वेस्टचा पूर आला. सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करून प्रकल्प सांभाळणारी माणसं ते निस्तरत बसली. महिना सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पानं स्वतःहून सहभाग नोंदवला असेल, तिथलंच योगदान धरलं जाईल. मला या प्रसंगाचा मनापासून राग येतो. डॉक्युमेंटेशन ही सगळ्यांत सोपी वाट म्हणून तिथं गर्दी झाली आणि त्या गर्दीमुळे खरं वाचून, खरं तपासून लिहिणाऱ्या मुलांकडेही संशयानं पाहिलं जाऊ लागलं. आता तर एआयकडून पानंच्या पानं लिहून घेऊन पाठवता येतात. ज्या पायऱ्या आपण स्वतः करून पाहिल्या नाहीत त्या पाठवू नयेत, हा या पुस्तिकेचा एकमेव कडक नियम आहे, आणि तो पहिल्याच पानावर छापला आहे.

मराठी लिहिणाऱ्यांना शोभणारं एक खास काम पाचव्या प्रकरणात आहे. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ते बाहेरचं कुणी करणार नाही. दिंडोरी तालुक्यात कोऱ्हाटे नावाचं गाव आहे. त्या नावातला अर्धा र, ह च्या डोक्यावर न जाता आडवा, पापणीसारखा दिसतो. तो टाइप करायच्या दोन रीती आहेत. युनिकोडमध्ये ऱ हे अक्षर स्वतंत्र आहे. ते घेऊन त्याला हलन्त आणि पुढे ह जोडायचा, ही एक. किंवा साधा र आणि हलन्त घेऊन पुढच्या ह च्या आधी एक अदृश्य जोडचिन्ह घालायचं, ही दुसरी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगवेगळे शब्द वाटतात. पेढीवरच्या एका माणसानं एका कीबोर्डवरून ‘कोऱ्हाटे’ लिहिलं, दुसऱ्यानं दुसऱ्यावरून, की शोध घेताना निम्मे शेतकरी गायब होतात आणि एकाच माणसाची दोन खाती उघडतात. गोऱ्हे, कोऱ्हाळे ही नावं घ्या, नाहीतर दऱ्या, वाऱ्या हे शब्द. सगळीकडे हीच गत. आपल्या भागात हे रोज घडतं, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये घडतं त्याच्या मदत-पानावर त्याचा उल्लेखही नसतो. कारण ते पान लिहिणाऱ्याच्या भाषेत हा र नाही. या त्रुटीवर एक परिच्छेद लिहायचा, दोन्ही रूपं कशी ओळखायची ते सांगायचं आणि नोंदी भरताना कोणती रीत पाळावी ते सुचवायचं. हे काम मराठी माणसाखेरीज कोण करणार? तसंच लाख-कोटींचं. ईआरपीनेक्स्टमध्ये आकडे आपल्या पद्धतीनं, लाखाच्या आणि कोटीच्या जागी स्वल्पविराम देऊन दाखवण्याची सोय आहे. ती कुठे लावायची हे न सापडल्यामुळे दहा लाखांचा आकडा मिलियनच्या थाटात वाचत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

लिहिताना आणखी एक भान ठेवावं लागतं. पान कशासाठी आहे, हे आधी ठरवायचं. डॅनिएले प्रोचिदा यांनी मांडलेली चौकट आता अनेक प्रकल्प वापरतात: हात धरून शिकवणारं पान वेगळं, विशिष्ट काम पार पाडून देणारं वेगळं, संदर्भाचं वेगळं आणि ‘असं का’ ते समजावणारं वेगळं. बॅचचं उदाहरण दुसऱ्या प्रकारातलं. तिथं साठाव्यवस्थापनाचा सिद्धान्त सांगत बसलो तर आवक घेऊन उभा असलेला ट्रक उभाच राहील. चित्रांबद्दलही तेच. पडद्याचा फोटो टाकला की लिहिणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटतं. पण पुढच्या आवृत्तीत कळ जागा बदलते आणि फोटो खोटा पडतो. शिवाय एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर वाचणाऱ्या अंध माणसाला त्या फोटोतून काहीच मिळत नाही. कळीचं नाव शब्दांत लिहावं; फोटो टाकायचाच तर त्याचं वर्णनही लिहावं.

पुस्तिकेतला क्रम थोडा उलटा वाटेल. तपासणीचं प्रकरण लेखनाच्या प्रकरणाआधी घेतलं आहे. दुसऱ्यांच्या दहा-वीस पुल रिक्वेस्ट आणि त्यांच्याखालची चर्चा आधी वाचली की कुठला प्रकल्प नवख्या माणसाशी कसं बोलतो ते समजतं, आणि तिथं लिहायचं की नाही हे ठरवता येतं. सुरुवातीचा सराव म्हणून बॅचच्या पानाचं काम सुचवलं आहे. आधी सध्याचं पान उघडून वाचायचं, चाचणीच्या वेगळ्या खात्यात सगळ्या पायऱ्या स्वतः करून पाहायच्या, आणि पानात खरोखर काही राहिलं असेल तरच दुरुस्ती पाठवायची. काही राहिलेलं नसेल तर पुढचं पान घ्यायचं. ऑक्टोबर छाटणी झाल्यापासून माल निघेपर्यंत बागांत कामाची धांदल असते, पण पॅकहाउसमधली टेबलं त्या काळात मोकळी असतात. हंगाम सुरू झाला की कुणाला मान वर करायला फुरसत मिळणार नाही, म्हणून हा सराव डिसेंबरच्या आत उरकून घ्यावा. पुस्तिकेचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे. कुणीही छापावा, बदलावा, वाटावा. त्यातल्या चुका मात्र दुसऱ्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणेच कळवाव्यात: आवृत्ती, पान, पायरी, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं.